गाभोळीचा रोहू

“सोडायचा? अगं भागी, केवढा आहे बघ तरी!” धोंडीरामबाबा धापा टाकत म्हणाले.

रोहू खरोखरच मोठा होता. हात थरथरायला लागल्यापासून, गेल्या तीन वर्षांत, बाबांच्या गळाला काही लागलं नव्हतं. आज लेकीनं, ज्योत्स्नानं, मागून गळाची काठी धरली तेव्हा कुठं हा काठाला आला.

भागीबाई तळ्याची राखणदार. हौसेनं गळ टाकायला येणाऱ्यांचे मासे तपासायचे, माणशी दोनच न्यायला द्यायचे, लहान आणि पोटात अंडी असलेले परत सोडायला लावायचे, हे तिचं काम. लोक पोती भरून मासे नेऊ लागले आणि तळं ओस पडलं, तेव्हा बाबांनीच तळं चालवणाऱ्या मंडळाशी भांडून हे नियम करून घेतले होते. नवरा गेल्यावर भागीबाईला कामाला लावलं तेही त्यांनीच.

“मादी हाय बाबा. गाभोळीनं भरलीय,” ती म्हणाली. पोट दाबून पाहिलेल्या तिच्या अंगठ्याला पिवळसर दाणे चिकटले होते.

“ताई, एवढ्या वेळी राहू द्या ना,” ज्योत्स्ना हळूच म्हणाली. “डॉक्टरांनी बाहेर पडायला बंदी केलीय. आजचं शेवटचंच येणं त्यांचं.”

भागीबाईनं माशाच्या तोंडातला गळ चाचपला. “तुमाला न्यू दिली, तर उद्या कुणाला कोणत्या तोंडानं अडवू?”

“मी लावलं तुला इथं!” बाबा ओरडले.

“व्हय बाबा. तुमीच लावलं.”

गळ सोडवून ती गुडघाभर पाण्यात उतरली. दमलेली मादी कुशीवर कलंडत होती. भागीबाईनं तिला दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. बराच वेळ गेला. मग शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामे झाले.

“गेला?” बाबांना तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

“गेली.”

ज्योत्स्नानं गळाच्या काठीचे जोड सोडवून ते पिशवीत घातले, बाबांना धरून गाडीत बसवलं. भागीबाई काचेपाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी काच खाली केली नाही. गाडी अंबडच्या रस्त्याला लागली.

“बाई, माझे बघताय ना?” मागून कुणीतरी विचारलं.

तिनं लुगड्याच्या निऱ्या पिळल्या.

“दाखवा,” ती म्हणाली, आणि त्याच्या टोपलीवरचं फडकं बाजूला सारलं.