सांगितल्याशिवाय

शिफारसपत्राचे पाकीट मोठ्या सिस्टरांनी स्वतः डिंकाने चिकटवले, जोडावर आडवी सही केली आणि सहीवर वॉर्डाचा शिक्का मारला. मग ते टेबलावरून पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "घे. आता तू आणि तुझं नशीब."

"काय लिहिलंत, सिस्टर?"

"गोपनीय असतं ते. पण वाईट लिहीन का मी? चौदा वर्षं बघतेय तुला."

तिने पाकीट दोन्ही हातांनी घेतले. शिक्क्याची शाई ओली होती, म्हणून लिफ्टपर्यंत ते तसेच आडवे धरून नेले.

वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. विसाव्या वर्षी कामाला लागली त्या दिवसापासून म्हणत आले होते, सत्तरीचे रुग्णसुद्धा. शौचाची भांडी देणे, चादरी बदलणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, रक्ताचे नमुने खाली प्रयोगशाळेत पोहोचवणे, हे तिचे काम. सुई, औषध आणि सलाइनची नळी यांना मावशीने हात लावायचा नाही, हा नियम. परिचर्या विद्यालयात, म्हणजे नर्सिंगच्या शाळेत, साठ जागा होत्या आणि त्यांतल्या तीन रुग्णालयात दहा वर्षे सेवा झालेल्यांसाठी राखीव होत्या. वयाची अट पस्तिशीच्या आत. तिला चौतीस पूर्ण होऊन सात महिने झाले होते. पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा मिळणार नव्हता.

लेखी परीक्षेची तयारी स्वयंपाकघरात झाली. आठवीतली मुलगी पुस्तक धरून ओट्याशी बसे आणि आई भांडी घासता घासता उत्तरे देई. पुस्तके धाकट्या सिस्टरांनी दिली होती, त्यांच्या शिकण्याच्या काळातली, पानोपानी पिवळ्या रेघा ओढलेली.

"हृदयाचे कप्पे किती?"

"चार. पुढचं विचार, हे तर कोंबडीलाही ठाऊक असेल."

"कोंबडीला किती असतात मग?"

"तुझ्या बाबांना विचार. तेच खातात."

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचे मशीन होते. लेखी परीक्षेतून तिचा नंबर मुलाखतीसाठी लागल्याचे कळले त्या दिवशी तो पांढरे कापड घेऊन आला आणि ती पोळपाटापाशी उभी असतानाच तिच्या खांद्यावर टेप धरला.

"अहो, हे काय? बाजारात तुरी आणि..."

"माप घ्यायला काय लागतं? कापड निकालानंतर कापीन. हात खाली सोड. लाटणं ठेव आधी."

एकशे बारा अर्जांतून नऊ जण मुलाखतीला उरले होते. लेखी परीक्षेत त्या नऊ जणांत ती दुसरी होती. ही बातमी वॉर्डात पोहोचायला एक दिवस लागला, आणि लिफ्टमनपर्यंत पोहोचायला तेवढाही नाही. तो आता ती दिसली की जरा वाकून विचारी, "सिस्टर, कितवा मजला?" लिफ्टमध्ये आणखी कोणी असले तर हसे. "सवय करून घेतोय हो. उद्या नाकापेक्षा मोती जड झाला म्हणजे आमची पंचाईत नको."

"मोती राहू दे. तिसरा मजला दाब."

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबल होते, त्यावर झाकण ठेवलेले तीन पेले, आणि टेबलापलीकडे प्राचार्या, एक डॉक्टर व गुण लिहून घेणारे गृहस्थ. खुर्ची टेबलापासून इतकी दूर ठेवली होती की हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. तिने ते मांडीवर ठेवले.

पहिले काही प्रश्न चांगले गेले. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय कराल, असे डॉक्टरांनी विचारले. पुस्तकात दर दोन तासांनी कूस बदलावी असे होते. तिने ते सांगितले आणि नंतर आणखी सांगितले. टाचेखाली हात घालून बघायचे, कारण जखम आधी टाचेला होते आणि टाच कोणी बघत नाही. चादरीची सुरकुती बोटाला लागली तर ती पाठीला आधीच लागलेली असते. प्राचार्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. गृहस्थांनी काहीतरी लिहिले.

मग प्राचार्यांनी पाकिटातला कागद काढला.

"तुमच्या वरिष्ठांनी फार छान लिहिलंय. चौदा वर्षांत एकही तक्रार नाही. रुग्णांना लळा लावता." त्या पुढे वाचू लागल्या. "'सांगितलेले काम चोख करते. सांगितल्याशिवाय कशालाही हात लावत नाही.' हे जरा समजावून सांगा. नर्सला सगळं कोणी सांगत बसत नाही. रुग्णाच्या जिवाला धोका आहे असं तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही स्वतःहून काही केलं, असा एखादा प्रसंग?"

प्रसंग होता. दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी अकरा नंबरच्या बाईंना रक्त चालू होते. पिशवी धाकट्या सिस्टरांनी लावली होती; त्यांना तेव्हा नोकरीला लागून दुसराच महिना होता. मावशी पाण्याचा तांब्या उचलायला वाकली आणि तिची नजर पिशवीवर गेली. रक्तपेढीतून त्या दुपारी दोन पिशव्या तिनेच आणल्या होत्या. चिठ्ठ्यांवरचे शेवटचे आकडे वाटेभर घोकत आणले होते, कारण तिला घोकायची सवय होती. ही पिशवी बारा नंबरच्या रुग्णाची होती. तिने कोणाला हाक मारली नाही. नळीवरची चाकी फिरवून रक्त बंद केले, आणि मग हाक मारली. बाईंना हुडहुडी भरून आली, ताप चढला. पण त्या वाचल्या, आणि आठवड्याने आपल्या पायांनी घरी गेल्या.

त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी तिला कपड्यांच्या खोलीत बोलावून दार लोटून घेतले होते. "पोरगी नवी आहे. हे वर गेलं तर ती आयुष्यातून उठेल. आणि तू नळीला हात लावलास, हे कळलं तर तुझीही धडगत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ." रिपोर्टमध्ये ओळ आली ती अशी: रुग्णाला हुडहुडी भरल्याचे नर्सच्या लक्षात येताच रक्त तत्काळ थांबवले. धाकट्या सिस्टर तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. तेव्हा तिला ते पुरेसे वाटले होते.

टेबलापलीकडचे तिघे थांबले होते. डॉक्टरांनी पेल्यावरचे झाकण उचलले, पाणी प्यायले, झाकण परत ठेवले.

सांगितले असते तर धाकट्या सिस्टर गेल्या असत्या. मोठ्या सिस्टर गेल्या असत्या, रिपोर्ट खोटा लिहिला म्हणून. आणि ज्या कागदावर तिची सगळी भिस्त होती, त्या कागदावर सही त्यांचीच होती.

"असा प्रसंग आला नाही," ती म्हणाली.

गृहस्थांनी लिहिले. एकच आकडा असावा. पेन फार वेळ हलले नाही.

निकालाला तेवीस दिवस लागले. वॉर्डात मावशींना जवळ फोन ठेवता येत नसे, म्हणून मुलगी शाळेतून आली की वडिलांच्या फोनवर विद्यालयाचे पान उघडी. 'निकाल लवकरच जाहीर करण्यात येईल' हे वाक्य तिला इतके पाठ झाले की ती ते बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवी. आईला पहिले काही दिवस हसू आले. पांढरे कापड घडी करून मशीनच्या फळीवर ठेवलेले होते, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून नवऱ्याने वर वर्तमानपत्र टाकले होते. दर दोन-तीन दिवसांनी तो ते वर्तमानपत्र बदली. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

तेविसाव्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा दोघेही पुढच्या खोलीत होते आणि मशीन बंद होते.

"आई, नाव नाहीये," मुलगी म्हणाली. "पण गुण दिलेत. बघतेस?"

तिने उभ्या उभ्याच पाहिले. लेखी परीक्षा: शंभरपैकी एक्क्याऐंशी. रुग्णसेवेचे ज्ञान: दहापैकी नऊ. वर्तणूक व शिफारस: पाचपैकी पाच. स्वयंनिर्णयक्षमता: पाचपैकी शून्य. तिसऱ्या जागेवर निवड झालेल्या उमेदवाराचे एकूण गुण तिच्यापेक्षा दोनने जास्त होते.

"शिफारशीला पैकीच्या पैकी," नवरा म्हणाला. समजूत घालायला त्याला दुसरे काही सापडले नाही.

"हो," ती म्हणाली. "शिफारस चांगलीच होती."

तिने चहा टाकला. थोड्या वेळाने बाहेर वर्तमानपत्राचा आवाज आला आणि नवरा म्हणाला, "हिच्या शाळेच्या सदऱ्यांना होईल हे. दोन निघतील." तिने आतूनच बरे म्हटले.

दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये शिरली तेव्हा लिफ्टमनने तिच्याकडे पाहिले आणि लगेच बटणांकडे पाहिले.

"मावशी, कितवा मजला?"

चौदा वर्षे ती एकाच मजल्यावर जात होती. तिने बोटाने तीन दाखवले.

मोठ्या सिस्टर कपड्यांच्या खोलीत चादरी मोजून घेत होत्या. त्यांना कळले होते. "वाईट झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत होते. त्यांचा चेहरा तिला चांगला ओळखता येई. "हल्ली सगळीकडे वशिले."

"वशिला नव्हता. तुमचं एक वाक्य त्यांनी वाचून दाखवलं. सांगितल्याशिवाय कशालाही हात लावत नाही."

मोठ्या सिस्टरांनी हातातली चादर कपाटात ठेवली. "मग? त्यात वाईट काय आहे? शिस्तीची आहेस, असंच लिहिलं मी."

"तुम्हाला ठाऊक होतं, सिस्टर. अकरा नंबर."

"ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं." त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दोन वर्षं झाली तरी ते प्रकरण माझ्या उशाशी आहे. उद्या कोणी उकरून काढलं तर मावशी नळीला हात लावते असा संशयसुद्धा यायला नको. तुझ्यासाठी लिहिलं ते."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीही." त्या पुन्हा मोजू लागल्या, आणि आकडा चुकल्याने पहिल्यापासून मोजू लागल्या.

धाकट्या सिस्टरांनी तिला जेवणाच्या सुट्टीत गाठले. आता त्या वॉर्डातल्या सर्वांत हुशार नर्स समजल्या जात. "मावशी, तुम्ही सांगून टाकायचं होतं. मी काही म्हटलं नसतं, खरंच."

"सिस्टर," ती शांतपणे म्हणाली, "मुलाखत बारा तारखेला आहे, हे तुम्हाला महिनाभर ठाऊक होतं. तेव्हा म्हणायचं होतंत."

मावशीने पुस्तकांची पिशवी त्यांच्या खुर्चीला अडकवली.

त्या दिवसापासून ती सांगितल्याशिवाय कशालाही हात लावीनाशी झाली. सलाइन संपत आले की पूर्वी तीच आधी हाक मारी, नवी बाटली काढून ठेवी. आता ती टेबलापाशी जाऊन उभी राही. "सिस्टर, सहा नंबरची बाटली संपत आलीय. काय करू?" ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा खाली आला की, "सिस्टर, काटा तांबड्यावर आलाय. खाली कळवू का?" तांब्या रिकामा झाला तर भरू का, खिडकीतून ऊन तोंडावर येते तर पडदा ओढू का. आवाजात उर्मटपणा नव्हता, त्यामुळे रागावताही येत नव्हते. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टर एकोणीस वेळा उठल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला.

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"तुम्ही लिहिलंय तसं वागतेय. पाचपैकी पाच गुण आहेत त्याला."

वॉर्ड तिच्या न सांगितलेल्या कामांवर चालला होता, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसले. डॉक्टरांनी फेरीत दोनदा विचारले, वॉर्डाला झालंय काय. तिला त्याचे समाधान वाटले. तसले समाधान तिने पूर्वी कधी चाखले नव्हते, आणि ते फार कडू असूनही तिला सोडवेना.

आठव्या दिवशी सकाळी ती चार नंबरच्या खाटेपाशी आली. तिथे एक निवृत्त शिक्षक होते. अर्धे अंग गेलेले, वाचा गेलेली. चादर ओली झालेली होती. तिने टेबलाकडे पाहिले. मोठ्या सिस्टर फोनवर होत्या, पाठ करून. धाकट्या सिस्टर पलीकडे ड्रेसिंग करत होत्या. तिने खाटेच्या दांडीवर हात ठेवला आणि ती थांबली.

शिक्षक तिच्याकडे पाहत होते. ती चादर बदलणार असे ते धरून चालले होते. ती हलत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी नजर काढून घेतली. चांगल्या हाताने पांघरूण ओढून ओला भाग झाकायचा त्यांनी प्रयत्न केला. तो झाकला गेला नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

तिने पडदा ओढला. "चुकलं, गुरुजी," ती म्हणाली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. त्यांना कुशीवर घेऊन तिने ओली चादर लांबीने गुंडाळत आणली, कोरडी सरकवली, पाठ पुसली, टाचेखाली हात घालून पाहिले, चादरीवरून तळवा फिरवला. कुठे सुरकुती नव्हती.

ती ओल्या चादरीला गाठ मारत असताना मोठ्या सिस्टर पडद्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांना हायसे वाटले होते.

"मी तर काही सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग मऊपणे, "मला ठाऊक होतं, तुला राहवणार नाही. तू इथलीच आहेस."

गाठोडे उचलून ती धुण्याच्या खोलीकडे गेली. वाटेत सहा नंबरची बाटली संपत आली होती. तिने सामानाच्या खोलीत डोकावून नवी काढून ठेवली.

मावशींनी रिपोर्टमध्ये लिहायची पद्धत नव्हती. त्या सकाळच्या पानावर ओळ आहे: खाट चार, चादर बदलली, पाठ व टाचा तपासल्या, जखम नाही. खाली धाकट्या सिस्टरांची सही आहे.