पायांवरचा दरोडा

"ताई, आधी स्वतःवरच हात साफ करून घेतलात वाटतं?"

खुर्चीतल्या गृहस्थांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि वर केलेली बाही हळूच खाली घेतली. मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे. लॅबमध्ये सगळे तिला सुईताई म्हणत. ज्यांची शीर सापडत नाही अशी माणसं खास तिच्याकडे पाठवत, आणि तिच्याच हातांची ही दशा.

"मांजराचं पिल्लू आहे घरी. मूठ आवळा. हात ओढू नका, ढिला सोडा."

पिल्लू आपलं नावापुरतं. वीतभर जीव, पण माज बोक्याचा. त्याला डाकू म्हणत आणि तो नावाला जागत होता. दाराआड दबा धरायचा आणि माणूस दिसलं की पोटरीला लटकायचा. तिचं एक वेळ ठीक होतं, पण घरात अप्पा होते. तिचे वडील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर. त्यांना साधा ओरखडा उठला तरी रक्त लवकर थांबत नसे. मग संध्याकाळी अप्पांचा पाय मांडीवर घेऊन ती कापूस दाबून बसे आणि डाकूचा यथेच्छ उद्धार करी.

शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं.

"अहो, तो खेळतोय," ते म्हणाले. "हातापायांनी खेळवू नका. काठीला चिंधी बांधा. चावला तर हात हिसकू नका, गप्प राहा आणि खेळ बंद करा."

दिवसभर आपण लोकांना दुसरं काय सांगतो, असं मनात येऊन ती ओशाळली.

तिने काठी आणली, चिंधी बांधली. हळूहळू तिचे हात माणसात आले. अप्पांच्या पायांवर मात्र रोज नवा दरोडा.

"रविवारी देऊन टाकते त्याला," एक दिवस ती म्हणाली. "तुमच्या जिवापेक्षा मांजर मोठं नाही." त्या मेल्यावर जीव जडला होता, खोटं कशाला बोला.

"राहू दे गं," अप्पा म्हणाले. "मुकं जनावर. मी सोसतो."

दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर घरी आली. अप्पा पलंगावर पडून चादरीखाली पायाचा अंगठा नाचवत होते. "ये रे. घाबरतोस काय? लाव दात. येईलच ती इतक्यात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अप्पा."

अंगठा थांबला. डाकू थांबला नाही.

"मी झोपलो होतो," अप्पा म्हणाले.

"चष्मा लावून?"

अप्पांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काचा पुसत राहिले. "आल्या आल्या तू स्वयंपाकघरात शिरतेस. मग फोन, मग झोप. पाय धरून बसतेस तेव्हा चार शब्द बोलतेस. त्याला शिव्या का असेनात, ऐकायला मी असतो."

तिने काठी आणून अप्पांच्या हातात दिली.

रविवार आला आणि गेला, डाकू कुठेच गेला नाही. अप्पांच्या हातातल्या काठीच्या दोन चिंध्यांचा त्याने फडशा पाडला. पायांवरच्या खपल्या गळून पडल्या.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, पर्स खाली ठेवली आणि तशीच पलंगाच्या कडेला बसली. अप्पांनी घाईघाईने दोन्ही पाय चादरीबाहेर काढून दाखवले.

"बघ, काही लागलेलं नाही. शपथ."

"लागलं नाही तर बसू नको का?" ती म्हणाली. "सरका जरा."

अप्पा भिंतीपर्यंत सरकले.