कोरडी खोली

सारवणाचा शेवटचा हात फिरवून सारजाबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि आपल्याच कामाकडे कौतुकानं बघत राहिल्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, सगळीकडे बोटांच्या ओळी कशा एकसारख्या उमटल्या होत्या. नातू घरी येणार म्हटल्यावर त्यांच्या गुडघ्यांनीही कुरकुर सोडून दिली होती.

नातवाला जगात यायची भारी घाई. सातव्या महिन्यातच आला. शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात त्याला कापसात गुंडाळून, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून, थेंब थेंब दूध पाजून जगवलं होतं. दिवाळीपासून सून शेवंता तिथंच होती. काल मुलगा हौशीराम निरोप घेऊन आला.

"आये, उद्या सोडत्यात. नर्सबाई सोता येनार हाय खोली बघाय. म्हनली, खोली साफ पायजे आन् उबदार पायजे. न्हाईतर माघारी न्हेईन."

साफ म्हणजे सारवलेलं. उभ्या जन्मात सारजाबाईंनी दुसरं साफ पाहिलं नव्हतं. गाडी दिवस कलता येईल, तोवर वाळेल, असा त्यांचा अंदाज होता.

पण हौशीरामची बैलगाडी भर दुपारीच दारात उभी राहिली. पौषाचा गारठा, तान्ह्याला उन्हातच हलवायचं असं दबोराबाई नर्सनं सकाळी ठरवलं होतं. शेवंता कापसाचं गाठोडं पदराखाली धरून गाडीतच बसून होती. दबोराबाई उतरल्या, चपला काढल्या, आणि उंबऱ्याशी वाकून त्यांनी जमिनीला हात लावला. तळवा ओला झाला.

"मावशी, हे काय केलंत?"

"सारवलं की. कोपराबी सोडला न्हाई."

"अहो, केवढी ही ओल. मोठ्या माणसालाही हुडहुडी भरेल. तो एवढासा जीव इथं रात्र कशी काढील?"

"शेगडी पेटवते. आत्ता वाळतंय."

"धूर तर त्याला मुळीच नको." दबोराबाईंच्या आवाजात राग नव्हता, पण माघारही नव्हती. "हौशीराम, गाडी वळवा. ऊन आहे तोवर शिरूर गाठू. पुढल्या आठवड्यात बघू."

शेवंताचे डोळे भरून आले. हौशीराम बैलांकडे वळला. दाराशी आलेल्या नातवाला आपणच माघारी धाडतोय, हे सारजाबाईंच्या काळजाला लागलं. शेणानं भरलेले हात त्या पाठीमागं लपवू लागल्या.

घरात कोरडी खोली एकच होती. चुलीच्या भिंतीपलीकडची. तिथं आता ज्वारीची पोती होती, पण फार पूर्वी तिथं सारजाबाईंची बाज होती. त्याच बाजेवर त्यांचा पहिला मुलगा झाला होता, असाच सातमाशी. रडायलासुद्धा त्याच्या अंगात बळ नव्हतं. मांजराच्या पिलासारखा जरासा कुईं करायचा, आणि तिसऱ्या दिवशी तेही थांबलं. पुढं हौशीरामच्या वेळी त्या हट्टानं माहेरी गेल्या, आणि त्या खोलीत धान्य रचलं गेलं. त्यानंतर त्यांनी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. आईला धान्याच्या धुळीनं ठसका लागतो, एवढंच हौशीरामला ठाऊक होतं.

"थांब रं," सारजाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला, की हौशीरामला ऐकूच गेला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "गाडी वळवू नगंस. बाई, एक खोली कोरडी हाय."

कडी त्यांनी स्वतःच काढली. दबोराबाई आत गेल्या, चुलीकडच्या भिंतीला हात लावून बघितलं. सकाळच्या भाकऱ्यांची ऊब अजून मातीत होती.

"उंदीर?"

"मांजर पाळलीया."

"घरात अशी खोली असताना तुम्ही माजघरात बाळंतिणीची बाज टाकणार होता?"

सारजाबाईंनी केरसुणी उचलली, जरा घुटमळल्या, आणि आत पाऊल टाकलं.

हौशीरामनं पोती परसात काढली. बाज आली, गोधड्या आल्या, बाटल्यांत गरम पाणी भरलं गेलं. ओल्या सारवणावरून सगळ्यांची ये-जा झाली आणि पावलांनी सगळ्या ओळी मोडल्या. एरवी सारजाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं.

शेवंतानं बाळाला बाजेवर ठेवलं मात्र, त्यानं तोंड लालबुंद करून भोकाड पसरलं. कापसाला लाथा काय झाडल्या, मुठी काय आवळल्या. परसातून हौशीराम धावत आला. शेवंता बाळाला उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे गं," सारजाबाई म्हणाल्या. "जरा रडू दे त्याला."

"रडू द्या," दबोराबाईही हसल्या. "एवढं रडतोय, म्हणजे आता माझी गरज नाही."

सारजाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या बाजेशेजारी भुईवर बसल्या, उबदार भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. पोरगं थकायचं नाव घेत नव्हतं.

"थोरला नुसता कुईं करायचा," त्या म्हणाल्या.

हौशीराम बघतच राहिला. "आये, थोरला मीच की."

सारजाबाईंनी डोळे उघडले. हातांवरचं शेण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"बस हितं. सांगते तुला," त्या उठत म्हणाल्या. "पर आदी हात धुते. त्याला घ्यायचंय मला."