दुधात मीठ

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, मनाने वाईट नाहीत. वाईट असत्या तर मी त्यांना कधीच वाटेला लावलं असतं. माझ्या लेकीवर त्यांची माया उतू जाते, आणि मायेशी भांडायचं तरी कसं?

लेक अजून रांगतही नाही. तिच्या अंगात मीठ टिकत नाही, सगळं लघवीवाटे निघून जातं. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ती त्यापायी मरता मरता वाचली. तेव्हापासून औषधांच्या जोडीला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मिठाचं पाणी मी तिच्या दुधात घालते. वन्संना ते बघवत नाही.

"अगं, दुधात मिठाचा खडा टाकणं म्हणतात ते हेच! तान्ह्या लेकराला कुणी मीठ देतं का?"

"मी देते."

शाळा उघडायच्या होत्या, शिवायच्या गणवेशांचा ढीग पडला होता, म्हणून वन्सं बाळ सांभाळायला आल्या आणि दुधाची बाटली त्यांच्या हाती गेली. आज दुपारी आतून ओकण्याचा आवाज आला. मशीन सोडून धावले. पोरगी चिंधीसारखी पडली होती, बाटली तोंडाला लावली तर ओढेना.

"उकाड्याने असेल," वन्सं म्हणाल्या. "शू तर छान करतेय."

बाटलीतला थेंब जिभेवर घेतला. दूध गोड होतं.

"परवापासून मीठ बंद केलंय," त्या पुटपुटल्या. "किंचित साखर घातली. किती आवडीने प्यायली गं!"

अशा वेळेसाठी डॉक्टरांनी घरात ठेवायला दिलेलं इंजेक्शन मी भरलं. वन्सं आडव्या आल्या.

"आधी नवऱ्याला विचार! एवढ्याशा मांडीत सुई? काही झालं तर लोक तुलाच बोलतील."

"बोलू देत. बाजूला व्हा."

झाल्या नाहीत. मी त्यांना ढकललं आणि सुई टोचली. पोरगी रडलीसुद्धा नाही. तिला उचललं आणि तशीच दवाखान्याकडे धावले.

दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि असा टाहो फोडला की नर्स हसली. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताईने मायेपोटी केलं. आता काही बोलू नकोस तिला."

बोलणारच होते. बाकावर रडत बसलेल्या वन्संसमोर जाऊन उभी राहिले.

"उद्यापासून इंजेक्शन द्यायला शिकायचं."

"माझ्याच्याने नाही गं व्हायचं."

"मी घरात नसले तर ती कुणाच्या भरवशावर जगेल?"

त्या नाक पुसत म्हणाल्या, "कुठे टोचायचं?"

मी त्यांचं बोट धरून माझ्याच मांडीवर, बाहेरच्या बाजूला दाबलं.

"इथे. आणि कुणालाही विचारत बसायचं नाही. मलासुद्धा."