प्लास्टिकखाली आहे, पण खरा आहे

मी कागद बोलतोय. निर्वासित म्हणून आसरा मिळाल्याचा दाखला. आवाज जरा दबका वाटेल, कारण माझ्या दोन्ही अंगांवर प्लास्टिक चढवलेलं आहे. पण बोलणार म्हणजे बोलणार. "हा खरा की खोटा, सांगता येत नाही" असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलंय, आणि ते मी खपवून घेणार नाही.

तसा मी दिसायला साधाच. वहीच्या पानाएवढा, जाडसर, फिकट हिरवा. वर नऊ आकडी नंबर आणि खाली तीन नावं : नवरा, बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. हद्दीजवळच्या छावणीत, एका पत्र्याच्या खोलीत माझा जन्म झाला. त्याआधी तीन दिवस या माणसांना तेच तेच प्रश्न विचारले गेले. घर कोणी जाळलं, तेव्हा तुम्ही कुठे होता, नदी कुठून ओलांडली. तिन्ही दिवस उत्तरं तीच आली, तेव्हा कुठे सर्दीने बेजार झालेल्या एका अधिकाऱ्याने मला छापलं, सही ठोकली आणि लोखंडी दाबयंत्रात घालून माझ्या कोपऱ्यात गोल शिक्का उठवला. शाईचा नव्हे बरं का! कागदच वर उचलून आलेला, बोट फिरवलं की खरखरीत लागणारा. माझी सगळी ऐट त्या शिक्क्यात होती.

"यावर तुम्हाला इथे राहता येईल, काम करता येईल, सरकारी उपचार मिळतील," अधिकारी नाक पुसत म्हणाला.

"परत नाही ना पाठवणार?" बायकोने विचारलं.

"नाही."

ती तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडली. नवऱ्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

नदी ओलांडताना त्यांचे जुने कागद भिजून पार लगद्यासारखे झाले होते. जन्माचे, लग्नाचे, शाळेचे, सगळे. नवऱ्याने त्याचा असा धसका घेतला की विचारू नका. नव्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, गादी प्लास्टिकमध्ये, मुलीच्या वह्या प्लास्टिकमध्ये. बायको शिवणाचं मशीन चालवता चालवता चिडवायची, "अहो, उद्या मलाही गुंडाळून कपाटात ठेवाल." तो हसायचा आणि आणखी एक पिशवी घडी करून ठेवायचा.

मग एक दिवस त्याने मला लॅमिनेशनच्या दुकानात नेलं. तापलेल्या रुळांमधून मला आत ढकललं. चटका बसला, जीव घुसमटला, आणि बाहेर आलो तो माझा शिक्का सपाट! दुकानदार म्हणाला, "आता खुशाल पाण्यात टाका, काही होत नाही." नवरा इतका खूश होता की मला त्याच्यावर रागावताही येईना. मला उन्हात धरून निरखत तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "बघ, आता याला कोणी हात लावू शकत नाही."

तेच तर झालं. हात लावता येईना आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

मुलगी सात वर्षांची झाली आणि तिला मधुमेह निघाला. तिचं शरीर इन्सुलिन तयारच करत नाही. दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं, नाहीतर काही दिवसांत जिवावर बेततं. हे औषध दवाखान्यातून मिळायचं ते उपचार कार्डावर, आणि कार्ड मिळालं होतं माझ्यामुळे. पोर धीटच. नऊ वर्षांची झाली तोवर स्वतःच टोचून घ्यायला लागली. टोचताना आईला म्हणायची, "तू बघू नकोस, तुझाच चेहरा वाकडा होतो."

त्याच वर्षी कार्डाची मुदत वाढवायची वेळ आली. नवरा मला घेऊन लाभ कार्यालयात गेला. चार नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी माझ्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मला उजेडाकडे धरलं, तर प्लास्टिक नुसतं चमकलं.

"याला हे कोणी लावलं?"

"मी," नवरा छाती फुगवून म्हणाला. "खराब होऊ नये म्हणून."

"अहो, काय करून बसलात! शिक्का हाताला लागला पाहिजे, तरच मूळ कागद धरतात. हा चालणार नाही."

"बाई, दिसतोय की शिक्का."

"छापलेलाही दिसतो. मागच्या वर्षी असाच एक मी पास केला आणि तो खोटा निघाला. माझी चौकशी लागली. पुन्हा नाही हो. नवीन प्रत काढा, आठ महिने लागतील. तोवर कार्ड वाढणार नाही."

कार्ड संपत होतं शनिवारी. घरात अकरा दिवसांचं इन्सुलिन होतं.

खोटा? मी? ज्या कागदासाठी या माणसांनी तीन दिवस आपली राख उकरून दाखवली, तो खोटा? माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण प्लास्टिकच्या आत ओरडून उपयोग काय!

नवरा मला घेऊन घरी आला. तो लाँड्रीत इस्त्री करायचा, म्हणून संध्याकाळी त्याने घरचीच इस्त्री तापवली. ऊब लागली की प्लास्टिक सुटेल असा त्याचा हिशेब. कोपरा थोडा उचकटला आणि त्याच्याबरोबर माझा हिरवा पापुद्रा निघायला लागला.

"बाबा, थांबा! फाटतोय तो!" मुलगी किंचाळली.

बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मला त्याच्या हातातून काढून घेतलं. तो खाली बसला. "माझ्यामुळे झालं सगळं. माझ्या पोरीचं औषध मीच तोडलं."

"तुम्ही जपलंत. जपणं हा काही गुन्हा नाही," ती म्हणाली. "उद्या मी जाते. आणि नाही म्हणाले तर परत येणार नाही, तिथेच बसेन."

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन त्याच खिडकीपुढे उभी राहिली.

"काल सांगितलं ना तुमच्या मिस्टरांना," बाई म्हणाल्या.

"सांगितलंत. शिक्का हाताला लागत नाही, कबूल. पण नंबर डोळ्यांना दिसतो ना? ज्यांनी हा कागद दिला त्यांनाच विचारा, आमची नोंद आहे की नाही."

"उत्तर यायला दीड महिना लागतो."

"लागू दे. पण तोवर हिचं औषध बंद करायचं, असं कुठे लिहिलंय? तेवढं मला दाखवा. दाखवलंत तर जाते."

शाब्बास! मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

मागची रांग कुरकुरायला लागली. "अहो ताई, आटपा की!" पण ती ढिम्म हलली नाही. बाईंनी चिडून नियमांची जाडजूड फाईल ओढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते आधी मनात वाचलं, मग चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. वाटलं असतं तर त्यांनी फाईल मिटून टाकली असती. पण त्यांनी मोठ्याने वाचलं. "मूळ कागदाची खात्री पटत नसल्यास नंबरावरून संबंधित कार्यालयाकडे विचारणा करावी. उत्तर येईपर्यंत चालू लाभ थांबवू नये."

मागची रांग माना उंचावून ऐकायला लागली.

"सतरा वर्षं या खुर्चीत बसतेय," बाई हळूच म्हणाल्या. "हे पान मला कधी कोणी दाखवलं नाही."

"मीही नाही दाखवलं. तुम्हीच काढलंत," बायको म्हणाली. "आता तेवढी मुदत वाढवा."

कार्ड वाढलं. पुढे एकेचाळीस दिवसांनी उत्तर आलं : नोंद खरी, तिन्ही नावं खरी. बाईंनी माझ्यावर "तपासले" असा शिक्का मारला, पण प्लास्टिकवर शाई काही वाळेना. त्या बिचाऱ्या फुंकर मारत बसल्या, आणि खरं सांगतो, मला हसू आवरेना.

बायको, मुलगी आणि मी निघालो, तर दारात एक म्हातारे गृहस्थ खांदे पाडून उभे होते. त्यांच्या हातात माझ्यासारखाच हिरवा कागद, प्लास्टिकमधला.

"काका, कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"दोन नंबरला चालत नाही म्हणाले. जातो घरी."

"घरी कशाला जाता? चला, मी येते तुमच्याबरोबर." तिने मला पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिलं आणि त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं.

त्या रांगेतच दुपारचे बारा वाजले. मुलीने दप्तरातून इन्सुलिनचं पेन काढलं, सदऱ्याचं टोक वर केलं आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे टोचून घेतलं. रांगेतल्या कोणी मान फिरवली नाही. आईनेही नाही.

मी अजून त्या काकांच्या हातात आहे. उचकटलेला, सपाट, अंगावर पुसट शाई घेऊन. खिडकीच्या आत बसलेल्यांनो, आम्हाला खोटं म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी विचारून या. तुमचं उत्तर येईपर्यंत या पोरीला दिवसातून चार वेळा टोचावं लागणार आहे, आणि तोवर आम्ही ही रांग सोडणार नाही.