दोन विहिणी आणि तीन माणसांची सहल

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी माझी आई आणि माझ्या सासूबाई एकमेकींशी पाहुण्यांसारख्याच वागत. "विहीणबाई, आधी तुम्ही बसा." "छे छे, आधी तुम्ही." असं करत दोघी उभ्याच राहत आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. भांडण कधी झालं नाही, पण सूतही कधी जुळलं नाही. अशा दोघींना आम्ही एका जहाजावर, एका खोलीत, आठवडाभर कोंडून ठेवलं. मुद्दाम नाही हं. क्रूझची तिकिटं आमची होती. ऐन वेळी नवऱ्याची रजा रद्द झाली. तिकिटं रद्द होत नव्हती, फक्त नावं बदलून मिळत होती.

पुढचं सगळं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं. जिथे त्यांच्या हकीकती जुळत नाहीत तिथे दोघीही थापा मारताहेत असं धरून मी मधलं सांगते.

आई म्हणजे शाळेतली खेळाची बाई. तिच्या शिट्टीवर अख्खं मैदान थांबायचं. पण निवृत्त झाल्यापासून तिचा उजवा गुडघा जिना उतरताना सुपारी फोडल्यासारखा वाजतो. सासूबाईंचं शिवणाचं दुकान होतं. सगळा जन्म मशीनपुढे बसून गेला, त्यामुळे नुसता चढ दिसला तरी त्यांना धाप लागते. हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. त्या दोघींनी मात्र एकमेकींना याचा पत्ता लागू दिला नव्हता. आईला वाटायचं, मुलीच्या सासरच्यांपुढे आपण ताठ दिसायला हवं. सासूबाईंना वाटायचं, खेळाच्या बाईंपुढे आपण लेचंपेचं कसं दिसायचं?

पहिल्याच संध्याकाळी खोलीत किनाऱ्यावरच्या सहलींची पुस्तिका आली. जहाज बंदराला लागलं की ज्याने त्याने आपल्या आवडीची सहल घ्यायची. प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाचं छोटं चित्र होतं. एक माणूस म्हणजे सोपी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे दमवणारी.

"ही बघा, बागेतली फेरी," सासूबाई म्हणाल्या. "एकच माणूस आहे."

"छान आहे," आई म्हणाली. "तुम्हाला तीच बरी पडेल."

झालं! 'तुम्हाला' हा शब्द सासूबाईंच्या वर्मी लागला.

"मला कशाला? मी तुमच्यासाठी म्हणत होते. मी तर ही डोंगरावरच्या किल्ल्याची बघत होते. तीन माणसं."

आईने चष्मा लावला आणि ती तीन माणसं बघितली. तिसरा माणूस तर काठी टेकत होता. "वा!" ती म्हणाली. "अगदी माझ्या मनातलं बोललात."

दोघी हसल्या, दिवे मालवले आणि आपापल्या भिंतीकडे तोंड करून जाग्या राहिल्या.

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्याबरोबर आईने चपला हातात घेतल्या आणि हळूच दार लोटून सहलींचं काउंटर गाठलं. तिथे एक हसरी मुलगी बसली होती.

"किल्ल्याला पायऱ्या आहेत का गं?"

"आहेत ना, मावशी."

"किती?"

"बऱ्याच आहेत."

"कठडा आहे का?"

मुलीने पुस्तिका उलटसुलट करून बघितली. "ते दिलेलं नाही."

आईने आवाज खाली आणला. "हे बघ, माझं काही नाही. मी आयुष्यभर मैदानात धावले आहे. पण माझ्या विहीणबाई नाजूक आहेत आणि मानी आहेत. त्यांना झेपायचं नाही. आम्ही दोघी मिळून आलो की तू सांग, किल्ल्याच्या जागा संपल्या. करशील एवढं?"

मुलीने मान डोलावली.

नाश्त्याच्या वेळी सासूबाई चहात साखर कमी आहे म्हणून उठल्या. साखरेचं भांडं टेबलावरच होतं. त्या थेट काउंटरवर गेल्या.

"बाळ, माझं सोड, मी दणकट आहे. पण माझ्या विहीणबाई आता थकल्यात. शाळेत बाई होत्या ना, हार मानवत नाही त्यांना. त्यांच्या जिवाला काही झालं तर मी सुनेला काय तोंड दाखवू? तू आपलं सांग की किल्ल्याच्या जागा भरल्या."

ती मुलगी मधेच टेबलाखाली पेन शोधायला वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही, असं सासूबाई सांगतात. पेन तर तिच्या कानावर होतं.

मग दोघी मिळून, मोठ्या ऐटीत, काउंटरवर गेल्या. मुलीने चेहरा पाडून सांगितलं, "माफ करा, किल्ल्याची सहल भरली."

"अरेरे!" आई म्हणाली.

"काय बाई नशीब!" सासूबाई म्हणाल्या. "मी तर बूटसुद्धा काढून ठेवले होते."

दोघींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बागेची फेरी घेतली आणि परतताना एकमेकींचं इतकं सांत्वन केलं की बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणी गेलंय. पण काउंटरच्या मागच्या खोलीत सहलींचा मॅनेजर बसला होता. गुबगुबीत, उत्साही आणि दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय चैन न पडणारा माणूस. त्याने ही सगळी हळहळ ऐकली. दुपारी दोघी आडव्या झाल्या होत्या तेवढ्यात खोलीतला फोन वाजला.

"मॅडम, खुशखबर! तुमची निराशा मला बघवली नाही. किल्ल्याच्या बसमध्ये मी खास दोन जागा काढल्यात!"

आईने फोन ठेवला. "जागा मिळाल्या," ती म्हणाली.

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "देव पावला."

दोघींपैकी एकीनेही नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसने त्यांना डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. किल्ला वर, पार आभाळात. वाट गोल गुळगुळीत दगडांची, पुढे पायऱ्या, आणि कठडा नावालाही नाही. वाटाड्या एक काटकुळा तरुण होता. तो शेळीसारखा पुढे पळत होता आणि वळणावर थांबून माहिती सांगत होता. सगळे पोचेपर्यंत त्याची माहिती संपायची. म्हणजे जे पुढे असत त्यांना विश्रांती, आणि जे मागे राहत त्यांना ना विश्रांती ना माहिती.

पहिल्या चढावरच सासूबाईंची छाती भात्यासारखी चालू लागली. पण त्या काही कमी नाहीत. पुढे चालणाऱ्या एका बाईच्या झग्याची शिवण उसवलेली त्यांना दिसली. "थांबा, थांबा! असं कसं चालेल?" म्हणत त्यांनी त्या बाईला दगडावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि सावकाश, दुहेरी टीप घातली. पुढच्या वळणावर एका गृहस्थाच्या पिशवीचा बंद. त्याच्या पुढच्या वळणावर एकाचं बटण. ते बटण तुटलेलं नव्हतं. त्यांनी ते आधी तोडलं, असं आईचं म्हणणं आहे.

आईने आपली विद्या काढली. पायऱ्यांच्या मध्यावर ती वळून उभी राहिली आणि टाळी वाजवली. "थांबा सगळे! थंड स्नायूंनी चढता? पोटऱ्यांना गोळे आणायचेत का? हात वर! श्वास नाकानं!" आणि काय सांगू, ते वीस-पंचवीस लोक, कुठल्या कुठल्या देशांचे, हात वर करून उभे राहिले. खेळाच्या बाईंचा आवाज कोणालाही समजतो. आई मात्र स्वतः काही करत नव्हती. कमरेवर हात ठेवून ती देखरेख करत होती आणि सगळं वजन डाव्या पायावर टाकत होती.

वाटाड्या वरून ओरडला, "काय चाललंय? आपल्याला उशीर होतोय!"

"तुलाही गरज आहे!" आईने खालून सुनावलं. "खांदे बघ कसे पडलेत!"

असं करत करत अर्धा डोंगर चढून झाला. मग एक बुटकी भिंत आली. दोघी तिच्यावर एकाच वेळी टेकल्या.

"तुम्ही दमलात म्हणून मी बसले हं," सासूबाई म्हणाल्या. हे एवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले.

"मी कुठे दमले? तुम्ही बसलात म्हणून मी बसले."

"मग चला."

"चला की."

कोणी हललं नाही. बाकीची मंडळी वर गेली. वारा आला. खाली समुद्रात त्यांचं जहाज साबणाच्या वडीएवढं दिसत होतं.

"विहीणबाई," शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रागवणार नसाल तर एक सांगू? त्या मुलीला मीच सांगितलं होतं, जागा भरल्या म्हण म्हणून."

आई गर्रकन त्यांच्याकडे वळली. "तुम्ही? अहो, मी सांगितलं होतं!"

"काय सांगितलं होतं?"

"की तुम्ही नाजूक आहात."

"आणि मी सांगितलं, तुम्ही थकलात!"

त्यानंतर त्या किती वेळ हसल्या ते दोघींनाही सांगता येत नाही. हसता हसता सासूबाईंना ठसका लागला, म्हणून आई पाणी द्यायला उठली, तर गुडघा असा वाजला की सासूबाईंनी दचकून मागे बघितलं. त्यावर पुन्हा हसणं. वाटाड्या धावत खाली आला. त्याला वाटलं कोणी रडतंय.

भिंतीला लागूनच एक घर होतं. तिथल्या बाईने त्यांना अंगणात बसवलं आणि थंडगार लिंबू सरबत दिलं. वाटाड्या म्हणाला, परतताना घेऊन जातो. तोवर सासूबाईंनी आपली धाप आणि आईने आपला गुडघा अगदी पहिल्या दिवसापासून, बदललेल्या डॉक्टरांसकट, एकमेकींना सांगून टाकला. किल्ला काही बघितला नाही. "वर नुसते दगड होते म्हणे," असं दोघी एकसुरात सांगतात.

त्या दिवसापासून त्यांनी पुस्तिकेवर विश्वास ठेवणं सोडलं. सहली परत यायच्या वेळी दोघी डेकवर खुर्च्या टाकून बसत आणि जहाजावर चढणारी माणसं निरखत. कोण कठड्याला लोंबकळतंय, कोण नवऱ्याशी बोलत नाहीये, कोण बूट हातात घेऊन आलंय. आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात वाईट अवस्थेत माणसं येतात ती एका माणसाच्या 'आरामशीर शहर फेरी'हून.

त्यांनी एका लंगडणाऱ्या आजोबांना अडवून विचारलं. आजोबा म्हणाले, "चालणं कमीच आहे हो. पण दोन वस्तुसंग्रहालयं, आणि उभं राहून राहून पाय गेले. बसायला एक स्टूल नाही. होतं ते पहारेकऱ्याचं."

आई तडक काउंटरवर गेली. "मुली, यापुढे चालायचं किती ते आम्हाला सांगू नकोस. बसायला किती मिळतं ते सांग."

"आणि बस दारापर्यंत जाते का," सासूबाईंनी जोडलं. "आणि अर्ध्यातून परतता येतं का. आणि शौचालय सुरुवातीला आहे की शेवटी."

मुलगी ओशाळली. "मावशी, मी एकही सहल केलेली नाही. बंदर आलं की मी इथेच असते."

"आणि ही माणसं कोण छापतं? एक, दोन, तीन?"

मुलीने डोळ्यांनी मागची खोली दाखवली.

दोघी विहिणींनी एकमेकींकडे बघितलं. मग सासूबाई दाराशी गेल्या आणि इतक्या गोड बोलल्या की आईलाही क्षणभर खरं वाटलं. "साहेब, तुम्ही त्या दिवशी आमच्यासाठी केवढं केलंत! उद्याच्या बंदरातही शहर फेरी आहे म्हणे. आम्ही दोघी म्हाताऱ्या, परकं गाव. तुम्ही बरोबर आलात तर धीर येईल. सोपीच तर आहे, एका माणसाची."

मॅनेजर विरघळला. दुसऱ्या दिवशी तो नवेकोरे चकचकीत बूट घालून आला. संग्रहालयाच्या पहिल्या दालनात तो हौसेने माहिती सांगत होता. दुसऱ्या दालनात त्याने भिंतीला पाठ लावली. तिसऱ्यात दोघींनी आपापल्या पिशव्या "जरा धरता का?" म्हणून त्याच्या हातात दिल्या आणि एका जुन्या भांड्यापुढे उभ्या राहून त्याच्या नक्षीवर चर्चा सुरू केली. त्या आळीपाळीने बाहेरच्या पायरीवर बसून येत होत्या. त्याला कोणी पाळी दिली नाही.

"साहेब, बसा ना," आई म्हणाली.

"कुठे?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला.

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या.

परत येताना त्याने बसमध्येच बूट काढले. संध्याकाळी काउंटरवरच्या पुस्तिकेत शहर फेरीपुढे आणखी एक माणूस चिकटवलेला होता आणि खाली शाईने लिहिलं होतं: बसायची सोय नाही. अक्षर मात्र काउंटरवरच्या मुलीचं होतं. साहेब पाय कोमट पाण्यात घालून मागच्या खोलीत बसले होते. उरलेल्या बंदरांना लोक काउंटरवर जायच्या आधी डेकवर येऊन दोघींना विचारत. आई विचारणाऱ्याला चालून दाखवायला सांगायची, सासूबाई त्याच्या बुटांचे टाके तपासायच्या, आणि मग निकाल मिळायचा.

आठवड्याने आम्ही दोघं त्यांना न्यायला बंदरावर गेलो. बाहेर पडणाऱ्यांची भलीमोठी रांग होती. तेवढ्यात बाजूच्या दारातून दोन चाकाच्या खुर्च्या आल्या. एकीत आई, दुसरीत सासूबाई. मागे ढकलणारे दोन खलाशी.  नवरा कठड्याखालून वाकून धावत सुटला.

"आई! काय झालं? कुठे पडलात? दोघीही?"

"काही झालं नाही," त्याची आई म्हणाली. "मला धाप लागते. हिचा गुडघा गेलाय. विचारलं, ऊन आहे, रांग मोठी आहे, खुर्ची मिळेल का? मिळाली."

"विचारायला काय लाजायचं?" माझी आई म्हणाली. मग ती सासूबाईंकडे वळली. "तू आधी उतर गं, मी पोरीला पिशव्या देते."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. 'हिचा', 'तू' आणि 'गं' हे शब्द त्या दोघींमध्ये पहिल्यांदाच येत होते.