दोन बटा

पार्लरवालीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे, पण तिच्या हाताला मात्र शिस्त होती. केस सरळ करायचं क्रीम लावण्याआधी मानेजवळची एक बट कापायची, तिला क्रीम लावून ठरलेला वेळ थांबायचं आणि मग ती ओढून बघायची. ताणून परत आली तर ठीक. चघळलेल्या च्युइंगगमसारखी लांबत गेली तर गिऱ्हाइकाला हात जोडायचे. केस कुरळा ठेवणारे गंधकाचे बंध हे क्रीम तोडतं, आणि केस सरळ धरला की नंतरचं लोशन ते पुन्हा जोडतं. थोडे तोडायचे असतात, सगळे नाही. सगळे तुटले तर केसच राहत नाही.

धाकट्या जावेच्या वेळी तिने बट तपासलीच नाही. घरचंच माणूस, कशाला एवढे सोपस्कार! शिवाय बाकावरची दुसरी बाई घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकत होती. ऊब मिळाली की क्रिया भरभर होते, हे पार्लरवालीला पाठ होतं. या क्रीमला ऊब द्यायची नसते, हेही पाठ होतं. तरी तिने स्टीमर जावेच्या डोक्यावर ओढला आणि त्या बाईच्या भुवया कोरायला गेली. परत आली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. धुताना केस पुंजक्यापुंजक्यांनी बेसिनमध्ये उतरले.

"घरी काय फासलं होतंस गं केसांना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी रडत रडत आठवू लागली, आणि बिचारीला आठवलंही. "आई तेल करून पाठवते ना, तेच असणार. मी आधी सांगायला हवं होतं. सॉरी हं, ताई."

सॉरी! जिचं वाटोळं झालं तीच सॉरी म्हणाली, आणि ही नुसती मान डोलावत राहिली. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला खरा, पण तिथे फार टिकला नाही. धाकटीने आईला फोनवर नाही नाही ते सुनावलं, तेलाच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि बोलणंच बंद केलं. डोक्याला स्कार्फ गुंडाळून ती घरात वावरायची. जेवताना तो समोर दिसला की पार्लरवाली ताटात मान खाली घालायची. आज सांगते, उद्या सांगते, असं ती स्वतःला रोज फसवत होती. "तुझं काय बिनसलंय?" असं नवऱ्याने विचारलं, तर त्याच्यावरच डाफरली.

मग एका दुपारी धाकटीची आईच पार्लरच्या दारात उभी राहिली. हातात तेलाची बाटली होती.

"ताई, एवढं तपासून द्या. ती लहान होती तेव्हापासून हेच लावतेय मी तिला. माझ्यामुळे झालं असेल तर निदान कळू तरी दे."

"तेलाचं काही नाही हो, मावशी."

"तोंडदेखलं सांगू नका. मीही हेच लावते. माझ्या केसांवर करून बघा."

पार्लरवालीने मावशींच्या मानेजवळच्या दोन बटा कापल्या. पिकलेल्या, तेलाने चपचपीत. दोन कशाला, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. पहिलीला क्रीम लावलं, वेळ झाल्यावर धुऊन ओढली. ताणली आणि परत आली.

"म्हणजे तेल नव्हे?" मावशींचा चेहरा उजळला.

इथे थांबता आलं असतं. कुठल्यातरी शांपूवर खापर फोडलं असतं, तर मावशी खुशीत घरी गेल्या असत्या. पण पार्लरवालीने दुसऱ्या बटेलाही तेच क्रीम लावलं, ती स्टीमरखाली धरली आणि वाफ सोडली. दोघी बघत उभ्या राहिल्या. धुऊन ओढली तेव्हा ती बट तिच्या बोटांतच तुटली.

"ही कशी केलीत?"

"तुमच्या लेकीची केली तशी. वाफ द्यायची नसते, मला घाई होती. तेलाचं ती म्हणाली आणि मी गप्प बसले, मावशी. मला लाज वाटते."

मावशींनी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि ती पिशवीत ठेवली.

"लावा तिला फोन."

तिने लावला.

"बोला ताई," पलीकडून धाकटी म्हणाली. "आईबद्दल असेल तर मी ठेवते हं."

"ठेवू नकोस. आईबद्दलच आहे," पार्लरवाली म्हणाली. "तुझ्या आईने काहीही केलेलं नाही."